पॉइंट टू-टूचा लॉट निवडताना: माझा अनुभव

मोठ्या बोअरचे (नळीच्या व्यासाचे) नेमबाज काडतुसं स्वतः भरतात, बॅरलला मानवेल तसा भार ठरवतात. पॉइंट टू-टूमध्ये, म्हणजे 0.22 इंच बोअरच्या रायफलमध्ये, ती सोय नाही. पेट घेणारं रसायन केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) रिममध्येच, म्हणजे बुडाच्या कडेतच असतं, त्यामुळे उडालेली केस पुन्हा भरता येत नाही. मग 50 मीटरसाठी एकच वाट उरते, ती म्हणजे तयार लॉटांतून (एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपांतून) आपल्या बॅरलला पटेल तो शोधणं.

एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर स्टॉक (रायफलचा दस्ता) काढून बॅरल व्हाइसमध्ये आवळतात. मी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर सँडबॅगवर काम भागवलं. डायऑप्टर (बारीक भोकाची मागची साइट) काढून 11 मिलिमीटरच्या रेलवर स्कोप चढवला, म्हणजे डोळ्याची चूक राउंडच्या माथी जात नाही. स्टॉकचे बोल्ट आधी टॉर्क पान्याने तपासले. ते सैल असतील तर सगळे लॉट सारखेच वाईट दिसतात. पुढच्या बॅगवर स्टॉक दर वेळी त्याच जागी टेकावा म्हणून खाली चिकटपट्टीची खूण केली.

एकाच ब्रँडचे सहा लॉट, प्रत्येकी एक 50 चा डबा. पहिले दहा राउंड मोजायचे नाहीत, उरलेल्या चाळीसांतून दहा-दहाचे चार ग्रुप, म्हणजे कागदावरचे भोकांचे पुंजके. पहिले दहा सोडायचे कारण बॅरलमधला मेणचट थर. आदल्या लॉटचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. ब्रँड बदलला, तर मी वीस सोडतो. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर माझा विश्वास नाही; नशिबाने कुठलाही लॉट पाच गोळ्या एका भोकात घालतो.

वेळ सकाळी सात ते साडेआठ, वारा पडलेला असताना. तरी छोटी झेंडी लावायचीच. दुसऱ्या दिवशी लॉटांचा क्रम उलटा केला, नाहीतर शेवटच्या लॉटला कायम तापलेली हवा मिळते.

मोजमापात बरेच जण फसतात. व्हर्नियरने ग्रुपच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि एका भोकाचा व्यास वजा करायचा. पण गोळी 5.6 मिलिमीटरची असली तरी कागद मागे आकसतो आणि भोक त्याहून लहान दिसतं. म्हणून त्याच कागदावरचं एकटं भोक मोजून तेवढंच वजा करतो.

टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं. गोळीची कड लागली तरी दहा, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत 16 मिलिमीटरचा ग्रुप नीट मध्यावर बसला तर सगळे दहा. फायनलमध्ये मात्र गुणाचे दशांश मोजतात आणि केंद्रापासून दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश जातो. तिथे लॉट बोलतो.

एका लॉटचे ग्रुप आले 11.9, 12.4, 19.7 आणि 13.0. दुसऱ्याचे 13.8, 14.6, 15.1, 14.2. सरासरीत दोघांत फरक नाहीच. मी दुसरा घेतला. पहिल्यातला तो 19.7 उभा ताणलेला होता, एक गोळी थेट खाली. आडवा ताण असता तर वाऱ्यावर ढकलला असता. उभा ताण बहुधा वेगातल्या फरकाचा. 325 मीटर प्रतिसेकंदाच्या गोळीच्या वेगात 10 मीटर प्रतिसेकंदाची घट झाली, तर 50 मीटरवर ती साधारण 7 मिलिमीटर खाली बसते. मॅचमध्ये ही गोळी कधी येईल सांगता येत नाही, आणि आली की नेमबाज आपल्या ट्रिगरला दोष देत बसतो.

एलीच्या डब्यावर वेगाचा आकडा छापलेला असतो. तोच आकडा असलेला दुसरा लॉट तसाच चालेल असं धरू नका. माझ्याकडे सारख्या आकड्याचे दोन लॉट होते, एक सहांत सर्वांत वाईट ठरला. राउंड वजन करून वेगळे काढण्याचा उद्योगही मी सोडला. फरक शिशाचा, दारूचा की पितळेचा, हे काट्याला कळत नाही.

लॉट ठरला की त्याच दिवशी मागणी नोंदवायची, तो संपला की संपला. माल आल्यावर 500 च्या प्रत्येक पेटीवरचा लॉट नंबर विक्रेत्यासमोरच वाचायचा. मला दहांतल्या तीन पेट्या शेजारच्या नंबरच्या निघाल्या. काडतुसांच्या रजिस्टरमध्ये नोंद व्हायच्या आत परत केल्या. नंतर ते किचकट होतं.