तात्यांची पायताणं

गेल्या बुधवारी कोल्हापुरात, सुभाषनगरातल्या आमच्या चपलांच्या दुकानात एक पोरगी आली. पिशवीतनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली पायताणं काढली आणि म्हणाली, "मामा, ही तात्यांची. तात्या गेले गेल्या महिन्यात." पायताणांवरची चामड्याची वेणी बघितली आणि ओळखलं, आमच्याच घरात केलेली.

तात्या तिचे चुलत आजोबा. जन्मापासनं बोलले नाहीत, पण कान तिखट. लोक त्यांच्या देखत 'मुका आला' म्हणायचे, जणू माणसाला ऐकूही येत नाही. मला त्याचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

त्यांना करकर वाजणारीच पायताणं लागायची. तळाच्या दोन थरांमध्ये विंचू नावाच्या झाडाच्या बिया घालतात, त्यानं ती वाजतात. चामडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं पाहिजे, शिवण चामड्याच्याच दोऱ्यानं, खिळा कुठं नाही. शिवण फार आवळली तर आवाज घुसमटतो, ढिली राहिली तर तळ फाकतो. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. तरी पुठ्ठ्याच्या तळाचा माल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून राजरोस खपतो. घेणाऱ्यालाही आवाज नको, स्वस्त पाहिजे.

तात्या नवा जोड घालून कोपऱ्यापर्यंत जायचे, मान एका बाजूला कलती करून. दोन्ही पाय सारखे वाजले नाहीत की काढून माझ्यापुढं ठेवायचे नि कमी वाजणाऱ्यावर बोट टेकवायचे. एकदा एकच पाय तीनदा उसवायला लावला. तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. तेव्हापासनं आमच्याकडचा करकरीचा जोड चालून ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही.

"घरात त्यांचा आवाज म्हणजे हाच," पोरगी म्हणाली. "बोळात करकर आली की आजी ताट वाढायला घ्यायची. रागावले असले तर तेही पायावरनंच कळायचं. माझ्या पोराला ऐकवायचाय. पण आता वाजत नाहीत."

झिजलेला तळ पुन्हा वाजत नाही, हे तिला सांगितलं. त्यातल्या बिया काढून पोराच्या जोडात घालता येतील, पण त्यासाठी उसवावं लागेल. ती बराच वेळ गप्प बसली, मग जोडातला उजवा पाय पुढं केला. डाव्याला हात लावू नका म्हणाली.

रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, हातात घेतली, पण चालवायला धीर होईना. चामड्यावर पाचही बोटं उमटलेली. टाच बाहेरच्या अंगानं खाल्लेली, कारण तात्या तो पाय जरा ओढत चालायचे. आत बियांचा बराचसा भुगा झालेला. सात धड निघाल्या. पोराचं वजन ते किती, दाब पडल्याशिवाय बी वाजत नाही, म्हणून वरचा थर पातळ घेतला नि तात्यांच्या बियांबरोबर थोड्या नव्या घातल्या.

शनिवारी पोरगं दुकानात चाललं. वाजलं. त्याची आई पायरीवर बसून ऐकत होती.

"तात्यांचा जरा जड होता," एवढंच बोलली, आणि डोळे पुसले.

उजवा पाय मी जुन्याच भोकांतनं परत शिवून दिला. पण बोटांच्या खुणांमधनं आता एक सुरकुती गेलीय. उसवायला नको होतं का, हे अजून मनातनं जात नाही. पोराचा पाय वर्षभरात वाढेल. तेव्हा त्याच बिया पुढच्या जोडात घालायच्या, असं ती आत्ताच सांगून गेलीय.