तुम्ही विचारलंत म्हणून : कोरीन रे-बेलेविषयी

हिवाळी खेळांवरच्या माझ्या लेखनात स्विस स्कीपटू कोरीन रे-बेलेचे नाव आले, की वाचक हमखास विचारतात, "नवऱ्याने तिला का मारले?" ती त्याच्यापासून वेगळी झाली होती आणि हत्येनंतर त्यानेही स्वतःला संपवले, त्यामुळे त्याच्यावर खटला उभा राहिला नाही. पण या प्रश्नाआडून 'तिचेच काही चुकले असेल का' अशी शंका डोकावते आणि ती मला सलते. म्हणून ती कोण होती, हे आधी सांगते.

१९७२ साली जन्मलेली कोरीन स्वित्झर्लंडच्या वाल-दिलिये खोऱ्यातली. डाउनहिल आणि थोडी अधिक वळणांची सुपर-जी या स्कीइंगमधल्या तिच्या शर्यती. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बर्फाचा उतार उतरायचा आणि निकाल एकाच फेरीत लागायचा. १६ जानेवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातील सेंट अँटन येथे या दोन्ही शर्यती एकाच दिवशी झाल्या. एका डाउनहिलनंतर मांड्यांमध्ये त्राण उरत नाही, तरी कोरीनने त्या दिवशी दोन्ही शर्यती जिंकल्या. तिच्या कारकिर्दीतला हा पराक्रम मला सर्वांत मोठा वाटतो. विश्वचषक मालिकेत तिने एकूण पाच विजय मिळवले. गुडघ्याच्या दुखापतींतून ती पुन्हा उभी राहिली आणि २००३ मध्ये, मायदेशी सेंट मॉरिट्झला झालेल्या जागतिक स्पर्धेत, डाउनहिलचे रौप्यपदक तिने ऑस्ट्रियाच्या अलेक्झांड्रा माइस्निट्झरसह विभागून घेतले. त्याच वर्षी ती निवृत्त झाली.

३० एप्रिल २००६ रोजी त्याच खोऱ्यातल्या ले क्रोझे येथे, आईवडिलांच्या घरी, नवऱ्याने तिच्यावर गोळ्या झाडल्या. ती गरोदर होती. तिचा भाऊही मारला गेला, आई गंभीर जखमी झाली आणि दोन वर्षांचा मुलगा पोरका झाला.

'का' याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. 'कशाने' याचे मात्र देता येते. नवरा लष्करात अधिकारी होता आणि पिस्तूल लष्कराने दिलेले होते. स्वित्झर्लंडचे सैन्य मुख्यतः नागरिकांचे असल्याने शस्त्र घरी ठेवण्याची जुनी रीत आहे. कोरीनच्या हत्येनंतर या रीतीवर देशभर वाद पेटला, २००७ मध्ये संसदेने सैनिकांच्या घरातील दारूगोळा परत घेण्याचे ठरवले आणि पुढे शस्त्रेही शस्त्रागारातच ठेवावीत, असा प्रस्ताव सार्वमताला आला. १३ फेब्रुवारी २०११ रोजी ५६.३ टक्के मतदारांनी तो फेटाळला. नागरिकावर टाकलेल्या विश्वासाची खूण म्हणून त्या शस्त्राकडे पाहणारे लोक मला समजतात. तरीही तिथे मला मताधिकार असता, तर मी प्रस्तावाच्या बाजूने मत दिले असते, कारण बायको घर सोडून जाते त्या आठवड्यात नवऱ्याच्या मनावर कुठल्याही सरकारचा ताबा नसतो, पण पिस्तूल त्याच्या कपाटात असावे की नसावे, हे सरकारला ठरवता येते.