फिशपाँडचा डबा

आमच्या वस्तीच्या मंडळाचं स्नेहसंमेलन संक्रांत आणि 26 जानेवारीच्या मधल्या शनिवारी असतं. स्नेहसंमेलन हे पत्रिकेवर, तोंडात गॅदरिंगच. थंडी ऐन भरात असते, मैदानाच्या कडेला शेकोटी पेटलेली असते, आणि तालीम संपली की कोपऱ्यावरचे तर्री-पोहे. रात्री दहाला पोहे कोण खातं, असं पुण्याची माझी नणंद दरवेळी विचारते. खातो बाई आम्ही.

पोरांचे नाच, बायकांचं हळदीकुंकू, मग फिशपाँड आणि शेवटी नाटक. नाटक मदतीचं. दिवाळी झाली की पावती पुस्तकं वाटायची आणि घरोघर शंभराचे पास खपवायचे. एका वर्षी मुलींच्या सायकलींसाठी, एका वर्षी वस्तीतल्याच कोणाच्या डायलिसिससाठी.

फिशपाँड वाचायचं काम माझ्याकडे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, त्यामुळे सगळे शूर. खजिनदारकाकांच्या टकलावर दरवर्षी किमान चार.

आणि दरवर्षी एक तरी त्याच्यावर. त्याचं नाव लिहीत नाही, तसं त्यानंच सांगितलंय. 2008 साली, तो चौदा वर्षांचा असताना, नाटकात मुलगी मिळेना म्हणून त्याला साडी नेसवली आणि पुढे ते कामच त्याच्याकडे आलं. मग डब्यात यायचं, "साडीत लय खुश दिसून राहिला बे, आता स्थळ पाहायचं का?" मी ते माइकवर वाचायची. टायमिंग साधून वाचायची, हशा ओसरला की पुन्हा एकदा वाचायची. तोही हसायचा. म्हणजे मला तेव्हा तसं वाटायचं.

त्याच्यावर न हसणारा एकच माणूस होता, आमचे दिग्दर्शक काका. ते पूर्व विदर्भातल्या वडशाकडचे, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या रात्री झाडीपट्टीची नाटकं पाहत वाढलेले. एके काळी तिथे बायांची कामं पुरुषच करत, त्यामुळे त्यांना यात गंमत वाटण्यासारखं काही दिसायचंच नाही. "कंबर हलवली म्हणजे बाई होत नाही रे," ते त्याला सांगायचे. "माय चुलीपाशी बसते तेव्हा आधी कोणता गुडघा टेकवते, ते पाहून ये." तो घरी जाऊन खरंच पाहून यायचा. तालमीत कोणी फिसकन हसलं, की काका त्याला चहा आणायला पाठवत. मी दोनदा आणलाय.

11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 कायम ठेवलं, तेव्हा आमची तालीम चालू होती. कोणी त्यावर काही बोललं नाही. तो त्या संध्याकाळी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला आणि त्याचे सगळे संवाद पाठ होते. मग शिकायला पुण्याला गेला. 2016 मध्ये नागपुरात पहिल्यांदा प्राइड मार्च निघाला, त्यासाठी खास आला होता म्हणे. मला ते फार नंतर कळलं.

2017 च्या गॅदरिंगला मी डब्यातून चिठ्ठी काढली. वहीचं फाडलेलं पान, शाळकरी अक्षर. "मी मुलगा आहे आणि मला मुलगेच आवडतात. बोलायला कोणी आहे का?" हातात माइक, समोर दोनशे माणसं. मी ती घडी करून कमरेला खोचली आणि टकलावरची एक पाठ होती ती म्हणून टाकली.

सकाळी चिठ्ठी घेऊन त्याच्याकडे गेले. तो तेव्हा शिक्षण संपवून परतला होता. मी अक्षरावरून अंदाज बांधायला लागले, हा अमक्याचा असेल का, तर तो चिडला. "ताई, ओळखायचं नाही. ओळखलं की ते पोरगं पळालंच समजा." मग मंडळाच्या फळ्यावर, कचरागाडीच्या वेळापत्रकाशेजारी, आम्ही एक कागद लावला. बोलायचं असेल तर रात्री नऊनंतर या नंबरवर मेसेज करा, नाव सांगू नका. लोकांना वाटलं परीक्षेच्या टेन्शनसाठी आहे. बरंच झालं.

अकराव्या दिवशी पहिला मेसेज आला. चिठ्ठीवालाच होता की दुसरा, ते आजही माहीत नाही. आदल्या सप्टेंबरात जिओ आलं होतं, पोरांच्या हातात नेट खेळत होतं; हळूहळू काटोल, उमरेड, गोंदियाहून मेसेज यायला लागले. बहुतेक अकरानंतर, घरचे झोपल्यावर. कोणाचा फोन भावाबरोबर वाटून घेतलेला, म्हणून गप्पा पुसायला आधी शिकवायचं. घरी सांगून टाक, असं कधी म्हणायचं नाही. घरात राहायचं त्यालाच आहे. आणि निम्म्या वेळा विषय तो नसतोच. गणिताचे मार्क, ट्यूशनमधला कोणी, आईनं वांग्याचं भरीत पुन्हा केलं.

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाचा तो निकाल फिरला. त्याच आठवड्यात पोळा, आणि दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. "घेऊन जा गे मारबत" च्या गलक्यात तो माझ्या कानाशी ओरडला, "377 पण घेऊन जा गे!"

पुढच्या जानेवारीचं नाटक या कामासाठी करायचं, असं मी बैठकीत मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "अन् पावतीवर काय लिहायचं?" कोणी छताकडे पाहत होतं, कोणी मोबाइलकडे. खजिनदारकाकांनी गालातला खर्रा बाजूला सारला. "लिहा, पोरांच्या मदतीसाठी. काय खोटं हाये त्याच्यात?" सात घरांनी पास परत केले. त्यांतल्या दोघांनी पैसे मात्र दिले, पावती नको म्हणून.

नाटक काकांनीच लिहिलं. आई आणि परगावी राहणारा मुलगा. मुलगा रंगमंचावर येतच नाही, फक्त त्याचा फोन येतो. आई याने केली. दुसऱ्या अंकात त्याचं गंगावन सुटलं. विंगेत माझा श्वास अडकला. त्याने ते हातात घेतलं, फोनवर बोलत बोलतच पिळा दिला, अंबाड्यात खोचलं आणि गुडघा टेकवून खाली बसला. डावा आधी. पुढच्या रांगेतली त्याची आई शेजारणीला म्हणाली, "अगोबाई, ही तर मीच!"

23,600 रुपये जमले. त्यातून एका समुपदेशक बाईंचं शनिवारचं मानधन आणि फोनचे रिचार्ज निघाले. 2021 ला गॅदरिंग झालं नाही, पण फोन त्या वर्षी सगळ्यात जास्त वाजला. पोरं चोवीस तास घरात अडकलेली. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली की आता तो 14416 हा टेली-मानसचा नंबर देतो आणि तिकडे फोन लागेपर्यंत बोलत राहतो. 2022 पासून तो नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा मुलांना 'सुधारण्याचे' उपचार हे डॉक्टरी गैरवर्तन ठरवलं. ते पत्रक त्याने फोनमध्ये ठेवलंय. मुलाला कुठे कुठे दाखवत फिरणारे आईबाप भेटले, की त्यांना काढून दाखवतो.

या जानेवारीत डबा पुन्हा माझ्या हातात होता. वाचण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या मी आत चाळून घेते, ही सवय 2017 पासूनची. टकलावर पाच निघाल्या. त्याच्यावर एक होती. मी त्याला विंगेत बोलावून विचारलं, वाचू का? त्याने चिठ्ठी पाहिली, "वाचा की!"

"रात्री दोनपर्यंत ऑनलाइन, तालमीला नेहमी ऑफलाइन."

त्या दिवशीही तो वीस मिनिटं उशिराच आला होता. मी दोनदा वाचली.