बिल्ल्याची पाठ : शिकागो ते ॲलेगन

शिकागोच्या ओगल्वी स्टेशनातून मेट्राची युनियन पॅसिफिक वेस्ट लाइन धरली की थोड्याच वेळात व्हिला पार्क येतं. स्टेशनातून दक्षिणेला वीस-पंचवीस मिनिटं चाललं की एका बंद पडलेल्या विजेच्या रेल्वेची जुनी इमारत दिसते. तिचे रूळ उखडून त्या जागी आता प्रेअरी पाथ नावाची सायकलवाट आहे आणि स्टेशनात गावाचं छोटं संग्रहालय. कॉमिक्सच्या क्लबांचे बिल्ले जमवणाऱ्याने प्रवास इथून सुरू करावा असं माझं ठाम मत आहे, कारण ओव्हल्टिनचा, म्हणजे दुधात घालायच्या माल्टच्या पुडीचा, अमेरिकेतला कारखाना याच गावात होता. १९१७ ते १९८८ इतकी वर्षं तो चालला. इमारत अजून उभी आहे, आत आता लोक राहतात.

ओव्हल्टिनचा आणि कॉमिक्सचा संबंध असा. ‘लिटल ऑर्फन ॲनी’ ही १९२४ पासूनची वर्तमानपत्रातली चित्रपट्टी. तिच्यावरून रेडिओ मालिका निघाली आणि तिचा खर्च ओव्हल्टिनने उचलला. डब्याच्या झाकणाखालचं ॲल्युमिनियमचं सील पाकिटात घालून पाठवलं की मुलाला गुप्त मंडळाचा बिल्ला टपालाने घरी यायचा. १९३५ ते १९४० या काळात दरवर्षी नवा डिकोडर निघाला. आकड्यांची आणि अक्षरांची पितळी चकती, मागे पिन. मालिकेच्या शेवटी आकडे सांगितले जायचे, मुलं चकती फिरवून निरोप उलगडायची. पुढच्या वर्षी नवी चकती, म्हणजे पुन्हा डबा आणायला हवा. १९४० मध्ये ओव्हल्टिनने ॲनीला सोडून ‘कॅप्टन मिडनाइट’ ही रेडिओ मालिका घेतली आणि १९४१ पासून तिचे ‘कोड-ओ-ग्राफ’ नावाचे डिकोडर सुरू झाले.

हे घेताना काय बघायचं? चकती पूर्ण वळसा घेते का ते आधी. अडत असेल तर जोर लावू नका. मधल्या रिव्हेटवर हिरवट थर साचला असेल तर चकती वाकते आणि मग कधीच नीट बसत नाही. नंतर उलटा करून पिन जोडलेला डाग (सोल्डर) बघा. मूळ डाग पितळाइतकाच जुना आणि मंद दिसतो. चकचकीत, फुगीर डाग म्हणजे पिन नंतर बसवलेली. मग हरवणारे भाग तपासा: १९४५ च्या मॅग्नि-मॅटिकमधलं बारकं भिंग, १९४९ च्या की-ओ-मॅटिकची पितळी किल्ली. ती किल्ली मुळातच सुटी असल्यामुळे बहुतेकांकडे नसते. १९४२ च्या फोटो-मॅटिकमध्ये कॅप्टनचा फोटो काढून स्वतःचा लावा अशी मुलांना सूचनाच होती, त्यामुळे कॅप्टन जागेवर असलेला नग दुर्मीळ. त्यात एखाद्या अनोळखी पोराचा चेहरा असेल तर मात्र तो काढून टाकू नका. तो बिल्ला खरोखर कुणीतरी वापरला याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

ब्रासोने घासलेला डिकोडर मी घेत नाही. पॉलिशचा पांढरा थर अक्षरांच्या खोबणीत बसतो आणि ऐंशी वर्षांचा रंग पाच मिनिटांत जातो.

शिकागोला परतलात तर आर्मिटेज ॲव्हेन्यूवर बिल्ले बनवणाऱ्या एका कंपनीच्या इमारतीतच बटन म्युझियम आहे, ते चुकवू नका. वेळा फोनवर विचारून जा. कॉमिक्सचे बिल्ले तिथे थोडेच, पण बिल्ला बनतो कसा हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाजारातली निम्मी फसवणूक टळते.

जुना सेल्युलॉइडचा बिल्ला म्हणजे चार-पाच सुटे भाग: पत्र्याची वाटी, तिच्यावर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइड हे जुनं पारदर्शक प्लॅस्टिक, हे सगळं मागून आवळणारं धातूचं कडं आणि कड्यात अडकवलेली तारेची पिन. कड्याच्या आत बनवणाऱ्याच्या नावाची कागदी चकतीही असायची. ही पद्धत नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये रूढ केली. लिथोचा बिल्ला वेगळा: चित्र थेट पत्र्यावर छापायचं, गोल कापायचा, कड मागे वळवायची. कागद नाही, सेल्युलॉइड नाही. त्यामुळे दोघांचे रोगही वेगळे. सेल्युलॉइडच्या बिल्ल्यात ओल कड्याच्या फटीतून आत शिरते आणि कागदावर तपकिरी डाग पडतात. हे डाग आतले असतात, बाहेरून पुसून जात नाहीत. ओल्या फडक्याने पुसलं तर उलट वाढतात. लिथोवर ओरखडे, पोचे आणि वळवलेल्या कडेला गंज.

पुढचा टप्पा बॅटल क्रीक, मिशिगन. शिकागो युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅकची वुल्व्हरिन पकडा. प्रवास तीनेक तासांचा, पण घड्याळ एक तास पुढे जातं, त्या हिशेबाने परतीची गाडी बघा. न्याहारीची सीरियल बनवणाऱ्या केलॉग्ज कंपनीचं गाव. तिथलं सीरियल सिटी नावाचं मोठं प्रदर्शन २००७ मध्ये बंद पडलं, त्यामुळे ते बघायला म्हणून जाऊ नका. जायचं ते आसपासच्या अँटिक मॉलसाठी. मोठ्या गोदामात पन्नास-शंभर विक्रेत्यांची काचेची कपाटं असतात, विक्रेता हजर नसतो, किल्ली गल्ल्यावर. कपाट उघडून मागायला संकोच करू नका; काचेतून फक्त समोरची बाजू दिसते.

इथे सापडतात पेपच्या पिना. केलॉग्जचं पेप हे न्याहारीचं सीरियल रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेचा खर्च उचलायचं. १९४५ ते १९४७ मध्ये प्रत्येक डब्यात कॉमिक्समधल्या पात्राची एक लिथो पिन निघायची. १८ पिनांची एक मालिका, अशा ५ मालिका. सुपरमॅन प्रत्येक मालिकेत आहे, म्हणून जागा ९० पण वेगळी चित्रं ८६. ज्यांना हे माहीत नसतं ते उरलेल्या चार पिना शोधत बसतात. व्यास १३/१६ इंच, म्हणजे साधारण २०.६ मिलिमीटर, व्हर्नियर कॅलिपर खिशात ठेवा. पाठीवर ‘केलॉग्ज पेप’ छापलेलं हवं.

साध्या पात्रांच्या पिना काही डॉलरांत मिळतात. अवघड जातात त्या दोन: फेलिक्स द कॅट आणि फँटम. हा फँटम म्हणजेच आपला वेताळ. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांवर वाढलेल्या वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. पण मायेने बघत असलात तरी भाव देताना पाठ बघाच. वेताळाच्या पिनेची पाठ गंजून अक्षरं गेली असतील तर ती अस्सल आहे हे पुढच्याला पटवणं कठीण.

बॅटल क्रीकहून मोटारीने तासाभरात ॲलेगन. एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सकाळी लवकर पोचा, सुटे डॉलर ठेवा. सोबत दहापट भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. खरे कॉमिक बुकांचे क्लब इथेच हाताला लागतात: १९३९ मध्ये सुरू झालेला सुपरमेन ऑफ अमेरिका, फॉसेट प्रकाशनाचा कॅप्टन मार्व्हल क्लब, १९६० च्या दशकातली मेरी मार्व्हल मार्चिंग सोसायटी.

कॅप्टन मार्व्हल क्लबचा बिल्ला उदाहरणासाठी घेऊ. तो सेल्युलॉइडमध्येही आहे आणि नंतर लिथोतही. आडवा धरून कडेने बघा: सेल्युलॉइडचा असेल तर कडेला पारदर्शक थर आत वळलेला दिसतो, वय झालेलं असेल तर तो आक्रसून कड्यापासून केसभर सुटलेला असतो. अंगठ्याने जोरात चोळून लगेच वास घ्या. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो आणि देवघरातला तो वास आपल्या नाकाला चटकन कळतो. सुई तापवून टोचण्याची परीक्षा कुणी सुचवली तर ऐकू नका. जुनं सेल्युलॉइड भडकन पेटतं. मग भिंगाखाली छपाई. अस्सलात अक्षरांच्या कडा सलग असतात. फोटो काढून केलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात आणि मूळ ठिपक्यांवर नवे ठिपके बसून जाळी उमटते.

शेवटी टॉर्च. १९५० च्या आसपासपासून कागदात चमक आणणारी रसायनं घालू लागले. तो कागद यूव्हीखाली निळापांढरा उजळतो. १९४० च्या दशकातल्या बिल्ल्याचा कागद उजळला तर तो परत ठेवा. पण ही परीक्षा मेरी मार्व्हलच्या ३ इंची बिल्ल्याला लावू नका, त्याचा अस्सल कागदही उजळू शकतो. कापराचीही नको, तोवर सेल्युलॉइडऐवजी ॲसिटेटची फिल्म आली होती. त्याच्या बाबतीत संच बघावा: एक डॉलरला कार्ड, पत्र, स्टिकर, लवचीक ग्रामोफोन तबकडी आणि बिल्ला असं एकत्र यायचं. ईसी या कॉमिक्स प्रकाशनाच्या फॅन-ॲडिक्ट क्लबचंही तसंच. १९५३ मध्ये २५ सेंटला कार्ड, प्रमाणपत्र, खांद्याचं कापडी चिन्ह आणि कांस्य रंगाची पिन. टपालाचं मूळ पाकीट सोबत असेल तर मी चार पैसे जास्त द्यायला तयार असतो. त्यावरचा शिक्का आणि तारीख बिल्ल्याची बाजू मांडतात.

ज्युनिअर जस्टिस सोसायटी या कॉमिक्स क्लबच्या बाबतीत नवखे हमखास गोंधळतात. १९४२ मध्ये धातूचा बिल्ला निघाला, मग युद्धामुळे धातू मिळेना म्हणून कापडी चिन्ह. संचात बिल्ल्याऐवजी कापड दिसलं म्हणून तो अपुरा ठरवू नका.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याशी बोलताना लक्षात ठेवा. अमेरिकेत राजकीय बिल्ल्यांच्या नकलेवर वर्ष छापणं १९७३ च्या कायद्याने सक्तीचं आहे. कॉमिक्सचे बिल्ले त्या कायद्यात येत नाहीत, त्यामुळे ‘नक्कल असती तर लिहिलं असतं’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

परत मुंबईला किंवा कोकणात आणल्यावर दोन पेट्या करा. लिथो पिना आणि पितळी डिकोडर हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. सेल्युलॉइड मात्र हवाबंद ठेवायचं नाही: ते जुनं होताना आम्लधर्मी वायू सोडतं आणि कोंडलेला वायू आधी पिन, मग कडं खातो. त्यासाठी आम्लविरहित पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येक बिल्ला वेगळा, पीव्हीसीच्या पिशव्या नाहीत, उन्हाची भिंत नाही. पावसाळ्यात ही खोकी घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर. दर पंधरा दिवसांनी सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झालेत का बघा, आणि तेव्हाच प्रत्येक बिल्ला उलटा करून कड्यावर हिरवी बुरशीसारखी पूड आली आहे का तेही. आली असेल तर तो बिल्ला त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर काढा.