तुम्ही विचारलंत म्हणून: फी माफ झाली, मग मुलींचं अडतंय कुठे?

मुली शिकल्या की देश पुढे जातो, यावर आता कुणाचं दुमत उरलेलं नाही. भाषणं पुष्कळ होतात. घोडं अडतं ते कागदांपाशी. म्हणून प्रवेशाच्या हंगामात हा प्रश्न हमखास येतो: सरकारनं फी माफ केली, तरी कॉलेज पैसे का मागतं?

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात 50 ऐवजी 100 टक्के सवलत मिळाली. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोटा, संस्था पातळीवरचा प्रवेश, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना ती लागू नाही. फसगत होते ती इथंच. "लांब कशाला पाठवायचं, शेवटी इथंच थेट प्रवेश घेऊ" म्हणत घरचे फेऱ्या सोडून देतात आणि चार वर्षांची सवलत हातची जाते. मुलाच्या बाबतीत हे वाक्य क्वचितच ऐकू येतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते, म्हणून एप्रिल-मे मध्येच तलाठ्याचा अहवाल घेऊन अर्ज टाकावा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा सवलतीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्या वर्षी हे विसरणारे बरेच.

आणि माफ झाली ती फी. खोली, मेस, एसटी यांचा खर्च घरचाच, आणि मुलगी घरी बसते ती बहुतेकदा त्यामुळे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुला-मुलींसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण त्याचा अर्ज वेगळा भरायचा.

भत्ता अडकतो तो खात्यामुळे. "आधार लिंक आहे" असं बँक सांगते, पण ते नुसतं केवायसीपुरतं असू शकतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीतल्या खात्यात जातात आणि एका आधारावर तिथं एकच खातं असतं, शेवटी जोडलेलं. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथं सीडिंग (डीबीटीसाठी आधार जोडणं) केलं असेल तर रक्कम तिकडे जाते, आणि ते खातं बंद पडलेलं असेल तर परत फिरते. तेव्हा अर्जाआधी बँकेत "डीबीटीसाठी सीडिंग कुठल्या खात्याला आहे?" असंच विचारा, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आधारशी अक्षरशः जुळतंय का तेही बघून घ्या.