काटोल नाका ते धापेवाडा, पायी

पंढरपूरला जाणे जमत नाही म्हणून धापेवाडा, असे आमच्या नागपूरकडे सगळेच म्हणतात. तिथल्या देवाची कथाही तशीच आहे. धापेवाड्याचे विठ्ठलभक्त कोलबास्वामी दरवर्षी पायी पंढरीला जायचे. म्हातारपणी पाय थकले, तेव्हा विठ्ठल स्वप्नात येऊन म्हणाला, तू येऊ नको, मीच इथल्या विहिरीत आहे. मूर्ती विहिरीतून निघाली असे सांगतात. गावाजवळच्या नदीचे नावही चंद्रभागाच. मोठी यात्रा मात्र आषाढी पौर्णिमेला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी, कारण एकादशीचा सोहळा आटोपून देव इकडे येतो अशी समजूत.

आम्ही पाच जण होतो: मी, माझी जाऊ, तिची बहीण, कॉलेजात जाणारा भाचा आणि शेजारचे काकाजी. काकाजींनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. खरे सांगायचे तर त्यांना घ्यावे की नाही यावर आमच्यात दोन दिवस कुजबूज चालली होती.

पौर्णिमेच्या पहाटे तीनला नागपूरच्या काटोल नाक्यावरून निघालो. चंद्र ढगात. एवढ्या लवकर कशाला, असे वाटेल, पण आषाढात पाऊस उघडला की नऊनंतर असे उकडते की झड परवडली. शिवाय पहाटे गाड्या कमी. गोरेवाड्याचे जंगल जवळ, त्यामुळे फेटरी गाव येईपर्यंत भाच्याच्या गप्पा फक्त बिबट्याच्या. मला धास्ती ट्रकांची होती. बहुतेक लोक डाव्या बाजूने, ट्रकांकडे पाठ करून चालतात. तसे करू नका. उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरची गाडी दिसते. सगळ्यात मागच्या माणसाच्या पाठीवर लाल दिवा लावा. आम्ही भाच्याच्या सायकलचा काढून जावेच्या पिशवीला बांधला होता.

फेटरीपर्यंत आम्ही तिघी झपाझप पुढे. मागून काकाजींची हाक, "काहून पळून राहिले तुम्ही? गाडी सुटून राहिली का?" त्यांची चाल एकच, चढावर तीच, उतारावर तीच. तासाला पाच मिनिटे बसायचे, तेही बूट न काढता. आम्ही हसलो. कळमेश्वर येईस्तोवर जावेच्या बहिणीच्या टाचेला फोड आला होता, मांड्या घासून मी कासवासारखी चालत होते आणि काकाजी टपरीवर आमची वाट पाहत चहा पीत होते. तेव्हापासून त्यांना पुढे ठेवले.

फोडाचे म्हणाल तर चूक आमचीच. यात्रेसाठी म्हणून तिने नवे बूट घेतले होते. जुने, पाय ओळखणारे बूट घाला. दोन जोड मोजे न्या आणि ओले झाले की लगेच बदला. बोटांच्या फटीत, मांड्यांना खोबरेल तेल निघतानाच लावा, दुखायला लागल्यावर नव्हे. पावसासाठी रेनकोटपेक्षा पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकचा कागद, बरी. रेनकोटात आतूनच घामाने भिजायला होते. आणि निघण्याआधी तर्रीपोहे खाऊ नका, नागपूरकर असलात तरी. भाच्याने आदल्या रात्रीची उरलेली तर्री ओरपली होती. त्याचे पुढचे वर्णन नको.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण निघण्याआधी हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. वाटेत आडोसा शोधत बसू नका. आषाढात पिके घोट्याएवढीच असतात, कपाशीच्या शेतात लपायला जागा नसते. पेट्रोल पंप दिसला की गरज असो-नसो, जाऊन या.

कळमेश्वरला काटोलचा रस्ता सोडून उजवीकडे सावनेरच्या रस्त्याला लागायचे. उरलेले अंतर निम्म्याहून कमी, पण खरा कस इथे लागतो. सिमेंटचा रस्ता पायांना डांबरापेक्षा टणक लागतो, तळव्यांची आग होते. आम्ही शक्य तिथे कडेच्या मुरमावरून चाललो. एका ठिकाणी मुरूम समजून काळ्या मातीत पाय घातला. प्रत्येक बुटाला किलोभर गारा, म्हणजे चिखल, चिकटला. बाजूच्या शेतात डवरा, म्हणजे तण काढायचे औत, चालला होता. तो माणूस थांबून हसला, मग त्यानेच काटकी आणून दिली. इथून दिंड्या भेटायला लागल्या. टाळाच्या ठेक्यावर पाय आपोआप पडतात, दुखणे दोन-तीन किलोमीटर तरी विसरायला होते. एखाद्या दिंडीच्या मागे लागा, पण तिच्या मधून घुसू नका. वाटेत लोक चहा, केळी, बुंदी हातात देतात. घ्या, पण सगळीकडे घेत बसलात तर दुपार होईल. आम्हाला झालीच. पोहोचायला साडेबारा वाजले.

दर्शनाची रांग लांब होती. थांब्यांसह साडेनऊ तास चालल्यावर रांगेत उभे राहणे चालण्यापेक्षा अवघड जाते, पोटऱ्यांना गोळे येतात. आधी बसून काहीतरी खारट खा, मग रांगेत लागा. आम्ही घरून पराठे आणि लिंबाचे लोणचे नेले होते, ते कामी आले. नदी गढूळ आणि भरलेली असेल तर घाटाच्या पायरीवरूनच पाणी डोक्याला लावा. भाच्याला पोहायचे होते. काकाजींनी त्याची कॉलर धरली.

अडाशाचा गणपती इथून जवळच आहे. शेंदूर लावलेली भलीमोठी मूर्ती, टेकडीवर मंदिर. मनात होते, पण पाय नाही म्हणाले. तिथे जायचे असेल तर दुसरा दिवस हाताशी ठेवा.

परत येताना पायी यायचा हट्ट करू नका. यात्रेच्या दिवशी संध्याकाळी एसटी खच्चून भरते, म्हणून चारच्या आतच निघा. बायकांना निम्मे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, फक्त आधार कार्डासारखा वयाचा पुरावा जवळ ठेवा. काकाजींचे कार्ड पन्नीत, पन्नी रुमालात, रुमाल बंडीच्या आतल्या खिशात. ते निघेपर्यंत कंडक्टर दोनदा पुढे जाऊन आला. शून्य रुपयांचे तिकीट काकाजींनी नीट घडी करून पुन्हा त्याच पन्नीत ठेवले आणि गाडी सुटायच्या आत झोपले.