तीन पानं दारातच

सावानातून, म्हणजे आमच्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयातून, परवा एक कादंबरी आणली. घरच्यांशी बिनसून गेलेला माणूस खूप वर्षांनी परत येतो, अशी गोष्ट. लिहिलीय छान. पण हा गृहस्थ दाराशी पोचतो आणि बेल वाजवू की नको यात तीन पानं तिथेच उभा. एकदाचं दार उघडतं, आणि पुढचं अख्खं प्रकरण खुलासे. कोण कधी काय म्हणालं, तेव्हा मनात काय होतं, सगळं मुद्देसूद. एवढं मुद्देसूद बोलता येत असतं तर मुळात भांडण कशाला झालं असतं?

नाशकात दुरावलेला माणूस आणायला लेखकाला फार खटपट करायला नको. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की कुठले कुठले नातेवाईक उगवतात, लग्नाची पत्रिका मिळाली नाही म्हणून अबोला धरलेली मावशीसुद्धा पर्वणीच्या आदल्या रात्री "गाद्या कुठे ठेवल्यात गं?" विचारत हजर. सिंहस्थ नसला तर रामकुंड आहेच. अस्थी घेऊन नाहीतर दहाव्याला, कधी ना कधी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यावंच लागतं.

आणि तिथे उपाध्यायांच्या वह्या. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं. गुरुजी कापडात बांधलेलं बाड सोडतात आणि तुमचा खापरपणजोबा काढून दाखवतात. जुनी पानं मोडी लिपीत, ती आपल्या बापाला कळत नाहीत. अलीकडची ज्याच्या त्याच्या अक्षरात: कोण आलं, कशासाठी, घरात कोण कोण, खाली सही.

आमचा काका वाड्याच्या विक्रीवरून बिनसून बडोद्याला गेला, तो गेलाच. नेमकं काय झालं ते मला अजून धड माहीत नाही. विषय काढला की आई कुकर लावायला उठते. काही वर्षांपूर्वी आजी गेली. अस्थी घेऊन गेलो, गुरुजींनी वही उघडली, आणि आमच्या पानावर काकाची नोंद. २००३च्या सिंहस्थातली. निळी शाई, ते उजवीकडे कललेलं अक्षर. म्हणजे हा रामकुंडावर येऊन गेला होता, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर! आणि नावं सगळ्यांची लिहिलेली. आधी आजी, मग बाबा-आई, मग आम्ही भावंडं वयाप्रमाणे. शेवटचं नाव शैला.

आमच्या घरात शैला कोणी नाही. धाकटी सायली, काका गेल्यानंतर जन्मलेली. आत्याने फोनवर सांगितलं असणार, याने ऐकलं तसं उतरवलं.

गुरुजींनी पेन पुढे केलं. बाबा म्हणाले, "राहू द्या. ज्यानं लिहिलंय तोच दुरुस्त करील." संध्याकाळी आत्याकडून नंबर घेऊन त्यांनी फोन लावला. आजी गेल्याचं आत्याने काकाला कळवलं होतंच. बाबांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "गंगेवर येतोस आणि घरी येत नाहीस? वर पोरीचं नाव चुकवून ठेवलंस! दहाव्याला ये आणि नीट कर." पलीकडचं ऐकू आलं नाही. बाबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून रेल्वेचं वेळापत्रक शोधायला लागले.

काका आला. दारात तीन पानं सोडा, तीन ओळीही उभं राहायला मिळालं नाही. आई म्हणाली, "भावजी, चपला आत घ्या, बाहेर कुत्रं पळवतं." झालं, माणूस घरात. वाड्याचं नाव कोणी काढलं नाही. त्या दिवसांत वाद पेटला तो एकाच गोष्टीवर, शैला कोणी केली. आत्या शपथेवर सांगत होती, मी सायलीच म्हटलं, फोन खरखरत होता. काका म्हणे, फोन ठणठणीत होता, तुलाच सर्दी झालेली. बाबा दोघांवरही ओरडत होते.

दहाव्याला वहीत एक आडवी रेघ आली आणि वर बारीक अक्षरात सायली झालं. उपयोग शून्य. बडोद्याहून दिवाळीला लीलो चेवड्याचं खोकं येतं, त्यावर नाव शैलाच असतं. कुरियरवाल्याने विचारलं की सायली बिनदिक्कत "मीच" म्हणते आणि खोकं आपल्या खोलीत नेते, कारण बाकीच्यांच्या नावाने काही येत नाही.